घाई आणि दिरंगाई

संगणकाची कार्यप्रणाली नवी निघतांच बसवावी कीं थांबावें, या प्रश्नाला इतिहासानें दोन परस्परविरुद्ध उत्तरें दिलीं आहेत.

१४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एक छिद्र बुजविणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुष्कळांनीं ती लांबणीवर टाकली. १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ त्याच छिद्रांतून शिरला. इंग्लंडांतील रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रियाहि रद्द कराव्या लागल्या.

पुढल्याच वर्षीं उलट घडलें. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं निघालेली विंडोज १० ची नवी आवृत्ति तत्काळ घेणाऱ्या कांहींचीं कागदपत्रें व छायाचित्रें नाहींशीं झालीं. थोड्याच दिवसांत तिचें वितरण थांबवावें लागलें.

सारांश, दुरुस्ती आणि नवी आवृत्ति या भिन्न गोष्टी होत. मोडलेलें दार त्याच रात्रीं नीट करावें. नव्या घरांत मात्र पहिला पाऊस पाहून राहावयास जावें. कागदपत्रांची दुसरी प्रत वेगळी जपणारा दोन्ही प्रसंगीं निश्चिंत राहिला.