काळ्या मातीचा ताण

परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणारे झरी हे गाव कपाशीच्या काळ्या जमिनीतले. मराठवाड्याची जुनी रीत अशी, की गाव वसवायचे पांढरीवर आणि पिकवायची काळी. या रीतीमागे पक्का अनुभव होता. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आक्रसते, की वैशाखात भेगेत कोपरापर्यंत हात जातो. अशा जमिनीवर उभी केलेली भिंत दरवर्षी वरखाली होते आणि अखेर तडकते. पण रस्ते, कालवे आणि शाळा पांढरीपुरत्या राहू शकल्या नाहीत. त्यांना काळीत उतरावेच लागले. ज्या मातीवर निम्मा मराठवाडा उभा आहे, तिचा ताण जागेवर सतत मोजायचे साधन मात्र आपण घडवले नाही. आपली मोजमापाची विद्या वाढली ती दगड आणि काँक्रीटच्या मापाने, असे माझे म्हणणे आहे.

तिची सुरुवात साधी होती. भिंतीला तडा गेला की त्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने बसवायची आणि तारीख घालायची. पट्टी फुटली तर तडा अजून चालू आहे असे समजायचे. काच किती ताणली हे ती सांगत नाही, एवढेच सांगते की भिंत हलली. १९३८च्या सुमारास अमेरिकेत बारीक तारेचा स्ट्रेन गेज निघाला. तार ताणली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि त्यावरून स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बदल, आकड्यात कळतो. महाराष्ट्रात हा विषय ऐरणीवर आणला आपत्तींनी. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने १०३ मीटर उंचीच्या धरणाला, जिथे खालच्या बाजूचा उतार बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा पाडल्या. धरणाच्या पोटातली मापनयंत्रे ही चैनीची वस्तू नाही, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागले नाही.

पण काँक्रीटचे गणित वेगळे आहे. ते मीटरमागे मिलिमीटरचा दशांश भाग ताणले की तडकू लागते, म्हणून त्याच्यासाठीचे साधन अतिसूक्ष्म आणि ताठ असले तरी चालते. १९७८ मध्ये कॅनडात केनेथ हिल यांनी काचेच्या प्रकाशतंतूत पहिले ग्रेटिंग कोरले, तेव्हा या कामाला उत्तम हत्यार मिळाले. तंतूच्या गाभ्यात ठरावीक अंतरावर पट्टे उमटवलेले असतात आणि त्यांतून एकाच तरंगलांबीचा प्रकाश परततो. तंतू ताणला की पट्ट्यांतले अंतर वाढते आणि परतणारी तरंगलांबी सरकते. हे ग्रेटिंग व्यवहारात मीटरमागे एखादा सेंटिमीटर ताण सोसते. काळी माती वाळताना मीटरमागे कित्येक सेंटिमीटर आक्रसते. शिवाय काच मातीपेक्षा फार ताठ, त्यामुळे मातीसोबत हलण्याऐवजी ती मातीलाच अडवते आणि आकडा खोटा येतो. १९९९ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात पॉलिमर तंतूत ग्रेटिंग उमटले. हा तंतू काचेच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकाच ताठ आहे आणि काही सेंटिमीटरची ओढ सहज घेतो.

काळ्या मातीत हा तंतू पुरण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा आहे. नेहमीचे ॲक्रिलिक पॉलिमर ओल शोषते, स्वतः फुगते आणि वाचन बिघडवते. काँक्रीटसाठी हा दोष खराच. काळ्या मातीत मात्र ओल हेच ताणाचे मूळ कारण आहे. ओल जवळजवळ न शोषणारे टोपास नावाचे पॉलिमर आता उपलब्ध आहे. त्याचा एक तंतू आणि ॲक्रिलिकचा एक, असे शेजारी पुरले तर ताण आणि ओल या दोन्हींचा वेगळा हिशेब मांडता येतो. दुसरा आक्षेप असा, की या तंतूत प्रकाश लवकर विरतो. नेहमीच्या दूरसंचार तरंगलांबीवर एका सेंटिमीटरला सुमारे एक डेसिबल इतका तो घटतो. त्यावर उपाय म्हणजे मातीत आखूड पॉलिमर तुकडा आणि पुढे काचेचा तंतू. मात्र त्यांचा सांधा जपावा लागतो आणि ते काम नाजूक आहे. तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे: आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी कालव्याच्या अस्तराखाली न फुगणाऱ्या मातीचा थर घालण्याची रीत दिली, मग मोजायचे कशाला? थर काम करतो, पण तो कुठे, किती जाडीचा आणि किती वर्षे पुरतो, हे मोजल्याशिवाय ठरत नाही. अंदाजाने जाड थर घालणे म्हणजे खाणीतून जास्तीचा मुरूम उपसणे.

या तंतूंनी प्रयोगशाळेबाहेर दीर्घकाळ काम केल्याचा अनुभव अजून तोकडा आहे, आणि तो घ्यायला परभणीइतकी योग्य जमीन शोधून मिळणार नाही. नाशिकच्या मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेने आणि जलसंपदा विभागाने या जिल्ह्यात कालव्याच्या अस्तराचे पुढचे काम काढताना थराखालच्या काळ्या मातीत असे जोडतंतू पुरावेत आणि किमान दोन उन्हाळे व दोन पावसाळे त्यांची नोंद ठेवून ती सर्वांसाठी खुली करावी.