गासडीची पारख आणि माणसाचा दाखला

हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीनला आज कापूस दिसत नाही. उरले आहे ते नाव आणि कॉटन एक्स्चेंजची जुनी इमारत. कोटातल्या मैदानावरून कुलाब्याला आणि १९२०च्या दशकात पोर्ट ट्रस्टने भराव घालून केलेल्या या जमिनीवर, असा रुईचा बाजार फिरत आला. मुंबईच्या कापसात भेसळ असते, ही विलायतेची तक्रार जुनीच. १८६३मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा होऊन निरीक्षक नेमले गेले. १९२५च्या कायद्याने गासडीवर प्रेसची खूण आणि क्रमांक सक्तीचे केले. तरी पारखी नुसत्या खुणेवर विसंबत नसे. गासडीतून मूठभर रुई ओढायची, चिमटीत धरून तंतू ताणायचा, लांबी, रंग, कचरा पाहायचा आणि मग प्रत ठरवायची.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काळाचौकी-लालबागच्या घरांना पोटाची दुसरी वाट शोधावी लागली. त्याआधीच खुल्या झालेल्या आखाताच्या वाटेवर माणसाचे कागद तपासले जात. रीत मात्र कापसाच्या उलट. दाखला आधी मंत्रालयात, मग दिल्लीला परराष्ट्र खात्यात, शेवटी त्या देशाच्या वकिलातीत. प्रत्येक टेबलावर पाहायचे एवढेच, की आधीच्या टेबलावरची सही खरी आहे ना!

हेग येथे ५ ऑक्टोबर १९६१ला झालेल्या कराराने ही साखळी तोडून ‘अपॉस्टिल’ हा एकच शिक्का आणला. भारतापुरता तो १४ जुलै २००५पासून लागू झाला. ओमानमध्ये २०१२ साली, सौदीत २०२२च्या अखेरीस. हा शिक्का ग्वाही देतो ती सहीची, सही करणाऱ्याच्या अधिकाराची आणि मोहरेची. मजकूर खरा की खोटा, हे तो सांगत नाही.

आणि मजकुराची कथा काय? गिरणगावातल्या सुनेचे पहिले बाळंतपण माहेरी, कोकणात नाहीतर घाटावर. नोंद झालीच तर कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४मध्ये. तीही पुष्कळदा बाळाच्या नावाविना, जुनी असेल तर मोडीत. शाळेत घालताना आईला तिथी आठवे, तारीख नाही. गुरुजी १ जून लिहून मोकळे होत, कारण जूनमध्ये शाळा सुरू होई. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची संख्या पाहून परक्या देशातला कारकून चकित होत असेल! २६ जानेवारी १९८९पूर्वी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी शाळेचा दाखला चाले. म्हणून गुरुजींची तारीख पासपोर्टावर चढली आणि पुढच्या साऱ्या शिक्क्यांनिशी समुद्रापार गेली.

यात गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही; त्यांनी मूल शाळेत घेतले. अडतो तो खरी तारीख सापडलेला माणूस. मोडी वाचणाऱ्याकडून तो गावचे पान लावून घेतो आणि पाहतो तर आपला जन्म भर श्रावणातला. पण पासपोर्ट, दाखला, नोकरीचा करार सगळीकडे १ जून. ती नक्कल तो कुठल्याच खिडकीवर देत नाही. घडी घालून घरातल्या पेटीत ठेवतो.