डुलत्या जहाजावरचा काटा

मापक चुकीचे आकडे दाखवू लागला की आपण मापकालाच दोष देतो. पण त्याच्या भोवती काय आहे, हे पाहतो का? अटलांटिक महासागरात तारायंत्राची केबल टाकताना ती शाबूत आहे की नाही, हे जहाजावर गॅल्व्हानोमीटरच सांगे. आकडा चुकला तर चांगली केबल कापली जाणार! आणि जहाज तर डुले. त्यातले लोखंड मापकातल्या चुंबकाला ओढे.

विल्यम थॉमसन यांनी दोन उपाय केले. चुंबक चिकटवलेला चिमुकला आरसा दोन्ही टोकांना ताणलेल्या धाग्यावर असा बसवला, की धागा गुरुत्वमध्यातून जाई. डुलण्याने आरसा फिरेना. भोवती मऊ लोखंडाची जाड पेटी ठेवली. बाहेरचे चुंबकत्व तिनेच अडवले. १८६६ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावर हाच मापक होता.

वर्गातल्या मापकाजवळ लोहचुंबक नेऊन आपणही पाहूया.