शस्त्राचा परवाना

मंद्रूपच्या शिवारांत उभें पीक राखणाऱ्या शेतकऱ्यास बंदूक हवी असेल, तर आधीं परवाना काढावा लागतो. या परवान्यामागें मोठा इतिहास आहे.

१८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला. बंदुकीबरोबर तलवार, भाला, धनुष्यबाण हींही त्यांत 'हत्यारें' ठरलीं. हिंदी माणसास परवाना सक्तीचा, युरोपियनास मात्र माफी! हत्यार गेल्यापेक्षां हा अविश्वास लोकांस अधिक झोंबला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनांत राष्ट्रसभेनें या कायद्यांत बदल मागणारा ठराव केला.

बरें, कायद्यानें शस्त्रें तरी थांबलीं काय? दुसऱ्याच वर्षीं वासुदेव बळवंत फडक्यांनीं बंड केलें. १९०९ सालीं नाशकास जॅक्सनवर रोखलेलें पिस्तूल विलायतेहून चोरून आलें होतें.

स्वराज्यांत १९५९ सालीं नवा कायदा झाला. बंदुकीस परवाना राहिला. तलवारीस परवाना सरकार जाहीर करील त्या भागापुरताच उरला. पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद झाली. २०१९ सालीं एका इसमाजवळच्या बंदुकांची मर्यादा तीनांवरून दोनांवर आली.

कित्येक सुशिक्षित गृहस्थ म्हणतात, परवाना हीच गुलामगिरी. मला तें पटत नाहीं. लिटनचा कायदा माणसाचा वंश पाही. आजचा कायदा सर्वांसच विचारतो, 'हत्यार कशासाठीं?' शेतकऱ्याजवळ त्याचें उत्तर आहे. कचेरींत तें वेळेवर ऐकलें जावें, हा आग्रह मात्र आपण धरलाच पाहिजे.