शोसाँ : एका पक्वान्नाचे नाव आणि एका गावाची आठवण

फ्रान्समधील कोणत्याही पाववाल्याच्या दुकानात सकाळी 'शोसाँ ओ पॉम' हे पक्वान्न मांडलेले आढळते. पापुद्र्यांच्या पिठाची गोल पोळी लाटावयाची, तिच्या अर्ध्या भागावर शिजवून घोटलेला सफरचंदाचा गर ठेवावयाचा, उरलेला अर्धा भाग त्यावर दुमडून कडा दाबावयाच्या आणि भट्टीत भाजावयाचे, अशी त्याची कृती. आकार आपल्या करंजीसारखा अर्धचंद्राकृती. या पक्वान्नाच्या जन्माची एक कथा प्रसिद्ध आहे. पश्चिम फ्रान्समध्ये सार्त विभागात, म्हणजे जुन्या मेन प्रांतात, सँ-कालॅ नावाचे छोटे गाव आहे. तेथे साथीच्या रोगाने लोक पटापट मरू लागले. तेव्हा गढीच्या मालकिणीने गोरगरिबांना पीठ आणि सफरचंदे वाटली, आणि त्यांतून सफरचंदाचा एक मोठा 'पाते' तयार झाला, असे सांगतात. या प्रसंगाच्या स्मरणार्थ गावात सप्टेंबर महिन्यात उत्सव भरतो. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा तो या कथेच्या प्रामाण्याचा.

कथेचे साल कोणी १५८० देतात, कोणी १६३०. दोन्ही सालांना बाह्य पुरावा अनुकूल आहे, हीच खरी अडचण होय. १५८० मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ युरोपभर पसरली होती आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये प्लेगही होता. १६२८ ते १६३१ या काळातील प्लेगने फ्रान्समध्ये सुमारे दहा लाख माणसे बळी घेतली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ज्या युगात साथ दर पिढीला येत असे, त्या युगातील कोणतेही साल कथेला जुळवून दाखविता येईल. तेव्हा साल जुळते एवढ्यावरून कथा सिद्ध होत नाही. दानशूर मालकीण नेहमी बिननावाचीच राहते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न पिठाचा आहे. आजच्या शोसाँचे पीठ 'फय्ताज' जातीचे असते. आपल्याकडे बेकरीत खारी ज्या पिठाची करतात, तेच. चिरोटे करताना पोळ्यांवर साटा लावून पापुद्रे सोडवितात, तद्वत् येथे पिठाच्या पोळीत लोण्याचा थर कोंडून ती पुनःपुन्हा लाटून तिच्या घड्या घालतात. दर वेळी तिहेरी घडी याप्रमाणे सहा वेळा घडी घातली, तर लोण्याचे ७२९ थर होतात. लोण्याचे वजन पिठाच्या निम्म्यापासून पिठाइतकेही असते. या तंत्राचा शोध क्लोद जले (क्लोद लोरेँ) या सतराव्या शतकातील चित्रकाराने लावला, अशी आणखी एक दंतकथा आहे. तो तरुणपणी मिठाई करण्याचे काम शिकला होता, असे त्याच्या समकालीन चरित्रकाराने लिहिले आहे. पण तेवढ्यावरून त्याला शोधाचे श्रेय देता येत नाही. आमियाँच्या बिशपच्या १३११ सालच्या एका सनदेत 'पानापानांच्या' केकांचा उल्लेख येतो. अर्थात तो नुसता उल्लेख होय, कृती नव्हे. फ्रेंच भाषेत कृती तपशीलवार छापली गेली ती १६५३ मधील 'ल पातिसिए फ्राँस्वा' या ग्रंथात. ग्रंथावर लेखकाचे नाव नाही. परंपरेने तो ला वारेनचा मानला जातो.

आता दुष्काळ आणि रोगराईने गांजलेल्या गावात पिठाच्या निम्मे लोणी कोठून आले असावे? कथाही लोण्याचे नाव घेत नाही. पीठ आणि सफरचंदे एवढेच ती सांगते. मेन प्रांत सफरचंदांचा. 'रेनेत द्यु माँ' हे वाण तेथलेच. त्यामुळे वाटपाच्या वस्तू अगदी संभवनीय आहेत. परंतु त्यांतून निघाला तो साध्या कणकेच्या आवरणात भाजलेला 'पाते'. आजच्या शोसाँशी त्याचे नाते सारणापुरतेच आहे. हा भेद न करता दोहोंना एक मानणे, ही पाकशास्त्राच्या लोकप्रिय इतिहासांची नेहमीची चूक होय.

पक्वान्नाचे नावच येथे अधिक विश्वासार्ह साक्षीदार ठरते. 'शोसाँ' म्हणजे मऊ पायमोजा किंवा घरात घालावयाची सपाता. लॅटिन 'काल्क्स' म्हणजे टाच. तीवरून 'काल्केउस', जोडा. त्यापासून उत्तरकालीन 'काल्केआ', पायमोजा. शब्दारंभीच्या 'का'चा फ्रेंचमध्ये 'श' झाला आणि व्यंजनापूर्वीचा 'ल' विरघळून 'ओ' झाला. 'काट्टुस'चे 'शा' (मांजर) आणि 'फाल्सुस'चे 'फो' (खोटा) याच नियमांनी झाले. अशा रीतीने 'शोस' आणि त्यावरून 'शोसाँ'. याच 'काल्केआ'पासून इटालियनमध्ये 'काल्त्सा' आणि 'काल्त्सोने'. आणि 'काल्त्सोने' हेही दुमडून भाजलेल्या भरल्या पोळीचे नाव आहे. प्रत्ययाची गंमत अशी की मूळ लॅटिन प्रत्यय एकच असूनही तो फ्रेंचमध्ये लहानपणा दाखवितो, तर इटालियनमध्ये मोठेपणा. पॅरिसची पोळी छोटा मोजा झाली, नेपल्सची मोठी तुमान. पोर्तुगीज 'काल्सांउ' याच कुळातला, आणि गोव्याच्या कोकणीत तो 'काल्सांव' म्हणून आजही पायांवर चढतो. आपला 'मोजा' तरी काय? फारसीत तो गुडघ्यापर्यंतचा बूट होता.

हे नाव आकार सांगते, दान सांगत नाही. करंजाच्या शेंगेवरून करंजी, तशीच पायमोज्यावरून ही पोळी. नाव साथीतून जन्मले असते, तर त्यात साथीची, संताची किंवा त्या मालकिणीची काही खूण उरली असती. सँ-कालॅ हे ग्रामनामही येथे उपयोगी पडत नाही. ते सहाव्या शतकातील कारिलेफुस या संन्याशाच्या नावाचे झिजलेले रूप आहे. त्याचा 'काल्केउस'शी काही संबंध नाही. ध्वनिसाम्याला भुलून तसा जोडण्याचा मोह मात्र टाळावा.

मग कथा टाकून द्यावी काय? तसे मला वाटत नाही. पक्वान्नाचा जन्म सांगणारा पुरावा म्हणून ती निकामी आहे. पण एका गावाने आपल्या मृतांची आठवण कशी टिकवली, याचा पुरावा म्हणून ती मौल्यवान आहे. आणि ती तपासण्याचा मार्गही बंद नाही. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रेच्या आज्ञापत्राने बाप्तिस्म्यांची आणि १५७९ च्या ब्लुआच्या आज्ञापत्राने विवाह व दफनांचीही नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक झाले. म्हणजे कथेतील पहिल्या सालाच्या ऐन आधी हा दंडक सुरू झाला होता. अशा वह्या जेथे शिल्लक आहेत, तेथे एखाद्या महिन्यात दफनांची ओळ एकाएकी दाट होते, आणि कधी धर्मगुरूचे अक्षरच मध्येच बदलते. १५८० की १६३०, याचा निर्णय व्हावयाचा असेल तर तो पाकग्रंथांत नव्हे, अशा वह्यांत शोधला पाहिजे.