प्रतियोगी सहकार पक्ष

स्वराज्य पक्षातून १९२६ मध्ये फुटून निघालेला अल्पजीवी पक्ष. कार्यक्षेत्र मुख्यतः मध्यप्रांत-वऱ्हाड व मुंबई इलाखा. नावामागचे सूत्र लोकमान्य टिळकांचे, १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या वेळचे : सरकार देईल ते पदरात पाडून घ्यावे, उरलेल्यासाठी भांडावे.

पूर्वपीठिका : १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले ते एकट्या मध्यप्रांतात. पक्षाने मंत्रिपदे नाकारली, मार्च १९२४ मध्ये अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला २ रुपयांवर आणून ठेवला. मंत्री गेले, त्यांच्याकडील सोपीव खाती गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्याकडे आली. द्विदल राज्यपद्धतीची कोंडी झाली खरी, पण जी सत्ता लोकप्रतिनिधींच्या हाती यायची, ती पुन्हा गव्हर्नरच्याच हाती गेली. फुटीचे बीज इथे आहे. पुढचे मानापमान हे निमित्त.

फूट : ऑक्टोबर १९२५ मध्ये प्रांतिक कायदेमंडळाचे अध्यक्ष, स्वराज्य पक्षाचेच श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात गृहसभासदाचे पद घेतले. सहकाऱ्यांना विचारून घेतले की न विचारता, याबद्दल एकवाक्यता नाही. मोतीलाल नेहरूंनी निषेध केला. न. चिं. केळकर व मु. रा. जयकर यांचा सवाल असा, की विठ्ठलभाई पटेल केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष होतात, खुद्द मोतीलाल सरकारच्या स्कीन समितीवर बसतात, मग तांब्यांनीच काय घोडे मारले? उत्तरादाखल पक्षाचे सडके अंग कापून टाकण्याची भाषा झाली. केळकर, जयकर, डॉ. बा. शि. मुंजे, मा. श्री. अणे प्रभृतींनी फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यात वेगळी चूल मांडली. मोतीलाल नेहरूंच्या गटाशी झालेला एप्रिलमधील साबरमती समझोता अर्थ लावण्याच्या वादात पंधरवड्यात मोडला.

मंत्रिपद : १९२६ च्या निवडणुकीनंतर ई. राघवेंद्र राव व या पक्षाचे रामराव देशमुख मध्यप्रांतात मंत्री झाले.



अखेर : पुढे नेत्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुंजे १९२७ मध्ये हिंदु महासभेचे अध्यक्ष झाले. अणे १९३० च्या जंगल सत्याग्रहात उतरले. तांबे १९२९ मध्ये काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नर होते.