पेटीतल्या दोन ज्ञानेश्वऱ्या

स्मरणिकेच्या कामासाठी आम्ही दिंडीची जुनी लोखंडी पेटी उघडली. विण्याच्या तारा, भिशीच्या वह्या, शिध्याच्या याद्या, दोन फाटक्या पताका असं बरंच काही निघालं. तळाशी कापडात बांधलेल्या दोन ज्ञानेश्वऱ्या होत्या. एक आपली नेहमीची, साखरे महाराजांची सार्थ प्रत. पानं हळदीने आणि बुक्क्याने डागलेली. दुसरी शासनाची. ही दुसरी प्रत आपल्या पेटीत कशी आली हे तरुण टाळकऱ्यांना ठाऊक नाही, आणि जुन्यांनी ते कधी सांगितलं नाही. म्हणून या लेखाचा खटाटोप.

आधी थोडं मागे जाऊ. माउलींनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ म्हणजे १२९० साली. पुढे तीनशे वर्षं ग्रंथ हातांनी लिहिला गेला आणि तोंडांनी म्हटला गेला. लिहिणारा चुकला, म्हणणाऱ्याने आपल्या जिभेला सोपं पडेल ते म्हटलं, कुणी भक्तीच्या भरात एखादी ओवी पदरची घातली. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, पैठणला नाथमहाराजांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला. त्याआधीची आख्यायिका सर्वांना माहीत आहे: नाथांचा घसा दुखू लागला, आणि अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे ती काढ, असं माउलींनी स्वप्नात सांगितलं. ही गोष्ट आपण चमत्कार म्हणून ऐकतो. आमचे जुने बुवा ती ग्रंथाची गोष्ट म्हणून सांगत. मुळी दुसरीकडे कुठं न लागता कंठालाच का लागली? कंठातून वाणी निघते. वाणीभोवती वेढा पडला होता, तो नाथांनी सोडवला.

नाथांच्या त्या कामातली आम्हाला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी स्वतःचं काही घातलं नाही. अकरा वर्षांपूर्वीच त्यांनी काशीला भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पुरी केली होती, अठरा हजारांच्या वर ओव्यांची. त्यांच्या हाताला ओवीची काय वाण? तरी इथे हात आवरला. शेवटी ताकीदही देऊन ठेवली, की जो यात आपली ओवी मिसळील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजावं.

आपली नित्याची प्रत ही नाथांच्या परंपरेची. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला मिळालेल्या एका पोथीवरून वेगळी ज्ञानेश्वरी छापली. ही पोथी नाथांच्याही आधीची आहे असं त्यांचं म्हणणं. विद्वानांत त्यावर पुष्कळ वाद झाले, त्यात आम्ही पडत नाही. शब्दांची रूपं जुनी, काही ठिकाणी पाठच वेगळा, आणि आपल्या प्रतीत ओव्या नऊ हजारांच्या वर तर तिच्यात नऊ हजारांच्या आत. १९६० साली महाराष्ट्र शासनाने तिच्याच आधाराने ज्ञानेश्वरी काढली. तीच ही पेटीतली.

ती आणली आमच्या दिंडीतल्या एका मास्तरांनी. प्राथमिक शाळेत शिकवत, वारी चुकवत नसत, आवाज खणखणीत. त्यांचं नाव घरच्यांच्या इच्छेवरून इथे देत नाही. प्रत निघाल्यावर दोन-तीन वर्षांनी गावच्या सप्ताहात ते ती घेऊन पारायणाला बसले. ज्यांनी पारायण केलंय त्यांना सांगायला नको, शंभर माणसं एका सुरात वाचत असतात आणि तो सूर हाच आधार असतो. तेराव्या अध्यायात तो तुटला. व्यासपीठावरून एक ओवी निघाली, मास्तरांच्या पुस्तकात ती नव्हतीच. ते पुढची म्हणू लागले. आजूबाजूचे चार जण त्यांच्या मागे गेले, बाकीचे बुवांच्या मागे. सगळं पारायण थांबलं.

बुवा म्हणाले, "मास्तर, पुस्तक मिटा." मास्तर म्हणाले, "बुवा, ह्यात काय चुकीचं हाय ते दाखवा, मग मिटतो."

संध्याकाळी देवळात बैठक बसली. मास्तरांनी तिथे जे मांडलं ते ऐकलेली दोन माणसं अजून आहेत, त्यांच्या तोंडून आम्ही ते लिहून घेतलं. मास्तरांनी वाद प्रतींचा केलाच नाही. ते पहिल्या अध्यायाच्या नमनाकडे वळले.

नमनात माउलींनी गणपतीची मूर्ती उभी केली आहे, पण ती मूर्ती शब्दांची आहे. वेद हे तिचं अंग, स्मृती हे अवयव, अठरा पुराणं हे अंगावरचे दागिने, काव्यनाटकं म्हणजे कमरेच्या घागऱ्या. सहा दर्शनं हे सहा हात. एका हातात तर्काचा परशू, दुसऱ्यात न्यायाचा अंकुश, एकात वेदान्ताचा मोदक. अकार पाय, उकार पोट, मकार मस्तक. चित्र बघावं तसा ग्रंथ बघायचा आणि ग्रंथ वाचावा तसं चित्र वाचायचं, असं हे नमन आहे. आपल्या कीर्तनांत ते घाईघाईने उरकतात, हे आम्हाला बरं वाटत नाही.

त्या सहांतल्या एका हातात तुटका दात आहे. माउली म्हणतात तो बौद्धमताचा संकेत, आणि त्याला शब्द घातला आहे 'खंडित'. इथे मास्तर थांबले. खंडित म्हणजे मोडलेला, आणि खंडित म्हणजे वादात खंडन झालेला. दोन्ही अर्थ एका शब्दात बसवलेत. वार्तिककारांनी ज्या मताचं खंडन केलं ते मत म्हणजे हा दात. इथवर सगळे टीकाकार सांगतात. मास्तरांनी पुढचं विचारलं, "मंग तो दात टाकून का न्हाई दिला? हातात का धरलाय?" मूर्तीला सहाच हात, त्यातला एक हात माउलींनी त्यासाठी ठेवला. खोडलेलं मतसुद्धा देवाच्या अंगाबाहेर गेलं नाही. "माझी ही प्रत खोटी ठरवा हवं तर," मास्तर म्हणाले, "पर देवळाबाहेर काढू नका."

आम्हाला हा अर्थ पुरता पटतो असं नाही. तुटका दात ही गणपतीची मूळचीच खूण. एकदंताच्या हातात तो कलाकारांनी पूर्वीपासून दाखवलेला आहे. माउलींनी असलेल्या मूर्तीवर अर्थ बसवला, हात मुद्दाम राखून ठेवला असं म्हणणं जरा ताणून होतं. पण त्या ओवीत तिरस्काराचा एक शब्द नाही, हे मास्तरांनी बरोबर हेरलं. शब्दाला धरून इतका वेळ बसणं, हेच तर निरूपण. त्या संध्याकाळी देवळात नाथांच्या वाटेने कुणी चाललं असेल तर ते मास्तर.

बैठकीने मात्र त्यांना पुस्तक घरी ठेवायला सांगितलं. बुवांचीही बाजू होती. शंभर माणसांतली साठ निरक्षर, कानाने पाठ करणारी. सूर फुटला तर त्यांनी कुणाला धरावं? हे खरंच आहे, आणि आजही व्यासपीठावर एकच प्रत असावी असं आमचं मत आहे. चूक पुढे झाली. दुसऱ्या दिवसापासून कुणी मास्तरांशेजारी बसेना. त्या आषाढीला ते आपल्या दिंडीत नव्हते, मागच्या एका दिंडीत टाळ धरून चालले. नंतरही परत आले नाहीत. अहवालाच्या वहीत त्या वर्षी एवढंच लिहिलंय, "सप्ताह यथासांग पार पडला." पाठभेद शोधायची सवय लागली की आपलीच वही अशी वाचावी लागते.

मास्तर वारल्यावर त्यांच्या सूनबाई लोणंदच्या मुक्कामी तळावर आल्या आणि कापडात बांधलेली प्रत विणेकऱ्यांच्या हातात देऊन गेल्या. विणेकऱ्यांनी ती न सोडता पेटीत ठेवली. या वर्षी आम्ही ती सोडली. अठराही अध्यायांत समासात शिसपेन्सिलीने आपल्या प्रतीचे पाठ लिहिलेले आहेत, बारीक, मास्तरी अक्षरात. शासनाच्या प्रतीत नसलेल्या ओव्या कागदाच्या पट्ट्यांवर लिहून जागच्या जागी चिकटवल्या आहेत. बरोबर कुठला, चूक कुठला, याची खूण कुठेही नाही. तेराव्या अध्यायातली ती ओवीसुद्धा तशीच पट्टीवर आहे.

म्हणजे इतकी वर्षं ते घरी बसून दोन्ही प्रती वाचत होते.

शिसपेन्सिल पुसट होत चालली आहे. म्हणून समासातले पाठ एका वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली असून सातवा अध्याय चालू आहे. ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी एकादशीला दुपारी देवळात यावं. प्रत हाताळायची तर हात धुऊन. पट्ट्यांचा डिंक सुटला आहे.